फॉर्मॅट मारू का, काकू?

ऑटोतून आधी सीपीयू उतरतो, मग काकू. सीपीयू जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला, वरून नाडीने बांधलेला. ऑटोवाला तो काउंटरवर ठेवतो तेवढ्यात काकूंच्या तीन सूचना देऊन होतात: आडवा नको, आपटू नको, आणि चादर परत पाहिजे.

प्रताप नगरातल्या आतल्या रस्त्यावरचं हे दुकान जेमतेम दहा बाय बारा. भिंतीला टेकून उघडे कॅबिनेट, छताला टांगलेल्या केबलींच्या जुड्या, क्विक हीलच्या रिकाम्या खोक्यांत मापामापाचे स्क्रू. ऑक्टोबरचं ऊन अकरालाच चटके देतंय. मी लॅपटॉपचा कीबोर्ड बदलून व्हायची वाट बघत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलोय.

"काय होऊन राहिलं, काकू?" दुकानदार चष्मा कपाळावर सरकवत विचारतो.

"चालू तर होते. पण काही उघडतच नाही. पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरवर बाण येऊन राहिले. अन् कंट्रोल-ऑल्ट-डिलीट केलं तर म्हणते, तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरनं बंद केलं आहे. आता घरात ॲडमिनिस्ट्रेटर मीच आहे नं!"

काकू कंपोझिंग करतात. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक मशीन, एक प्रिंटर. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कोणाचा पहिला कवितासंग्रह, आणि दरवर्षी या दिवसांत दीक्षाभूमीवर विकायच्या पुस्तकांचं काम. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, ती जागा प्रताप नगरापासून फार लांब नाही. विजयादशमीला तिथे लाखो माणसं येतात आणि जाताना पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. दसरा आता आठवड्यावर आलाय. काकूंकडे चार पुस्तिका होत्या. दोन छापखान्यात गेल्या, दोन या चादरीतल्या डब्यात अडकल्यात. प्रुफं त्यांनी कापडी पिशवीतून सोबत आणली आहेत. वरच्याच पानावर 'प्रतीत्यसमुत्पाद' शब्दातल्या 'त्य'ला लाल पेनाने तीनदा गोल केलेलं आहे, तिसरं गोल कागद फाटेल इतकं जोरात.

दुकानात कामाला एक पोरगा आहे, काटोलकडचा, पॉलिटेक्निक करून आलेला. त्याचा हात खिशातल्या पेनड्राइव्हकडे गेलेलाच आहे. "दादा, कॉम्बोफिक्स मारू का? विंडोज सेव्हनच आहे, चालून जाते. अर्ध्या घंट्यात साफ. नाही तं सरळ फॉर्मॅट मारून टाकू."

"थांब बे. आधी पाहू तर दे."

मॉनिटर जोडला जातो. मशीन उठायला भरपूर वेळ घेतं. टास्क मॅनेजर बंद. रजिस्ट्री एडिटर बंद. दुकानदार मशीन पुन्हा सुरू करतो, एफ-एट दाबत सेफ मोड निवडतो. फायलींची नावं भराभर सरकतात आणि मध्येच निळा पडदा येतो. काकू दचकतात. दुकानदार मात्र हवं ते सापडल्यासारखी मान हलवतो आणि पॉवरचं बटण दाबून धरतो, आतला पंखा थांबेपर्यंत.

"आता याला चालू नाही करायचं. जितक्यांदा चालू करू तितका पसरेल. सॅलिटी दिसून राहिला."

सॅलिटी हा व्हायरसांतला म्हातारा. २००३ पासून जगात फिरतोय आणि जिथे जुनं विंडोज व पेनड्राइव्हची देवाणघेवाण आहे, तिथे अजून तग धरून आहे. छापखाने, झेरॉक्सची दुकानं, कंपोझिंगची टेबलं ही त्याची आवडती ठिकाणं. आत आला की आधी अँटिव्हायरसचा गळा धरतो, टास्क मॅनेजर बंद करतो, रजिस्ट्रीतल्या सेफ मोडच्या नोंदी पुसून टाकतो, म्हणजे मागच्या दारानेही कोणी येऊ नये. इथवर बाकीचेही करतात. याची खरी खोड वेगळी: हा स्वतंत्र फाइल होऊन बसत नाही. मशीनवरच्या .ईएक्सई फायलींमध्ये, म्हणजे चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या आत, स्वतःला चिकटवून घेतो.

दुकानदार हे काकूंना त्याच्या भाषेत सांगतो. काकू क्षणभर विचार करतात. "म्हणजे तांदळातला खडा नाही हा, की निवडला आणि फेकला. कणकेतच मळल्या गेला."

"बस्स! आता हा मी कॉम्बोफिक्स लावला," दुकानदार पोराकडे वळतो, "अन् त्यानं पेजमेकरच उचलून फेकला, तर?"

पोरगा गप्प बसणाऱ्यांतला नाही. "पण दादा, त्या कॉलनीतल्या डॉक्टरांचं मशीन कॉम्बोफिक्सनंच तं नीट केलं होतं तुमी."

खरं आहे ते. कॉम्बोफिक्सचा एक जमाना होता आणि त्या जमान्यात दुरुस्तीवाल्यांचा त्याच्यावर जीव होता. 'सब्स' हे टोपणनाव घेणाऱ्या एका माणसाचं ते काम. एक्सपीपासून विंडोज एटपर्यंत चालायचं, पुढे ८.१ आणि १० आलं आणि ते मागे पडलं. सुरू केलं की निळी खिडकी उघडायची. ते स्वतःच इंटरनेट तोडायचं, रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवायचं, घड्याळाचं रूपसुद्धा तात्पुरतं बदलायचं आणि मग पहिला टप्पा पूर्ण, दुसरा टप्पा पूर्ण, असं करत पन्नासापर्यंत जायचं. मध्ये त्या खिडकीवर क्लिक करायचं नाही, नाहीतर ते तिथेच अडकायचं. आणि ते विचारायचं नाही. बाकीची टूलं आधी यादी दाखवतात, हे काढू का, ते ठेवू का म्हणतात. कॉम्बोफिक्स आधी काढायचं, मग काय काढलं त्याची लांबलचक यादी लिहून द्यायचं. उचललेल्या फायली 'क्यूबॉक्स' नावाच्या फोल्डरात कोंडून ठेवायचं. ती यादी वाचता येणाऱ्या जाणकारासमोर बसूनच ते चालवावं, असं बनवणाऱ्यानेच बजावलेलं होतं. आपल्याकडे ते सीडीवरून सीडीवर गेलं, पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर गेलं. बजावणी वाटेत गळून पडली.

"अन् तुला माहीत आहे का," दुकानदार आता रंगात आलाय, "२०१३च्या जानेवारीत काय झालं? हेच कॉम्बोफिक्स लोकांनी उतरवून घेतलं, तर त्याच्याच आत व्हायरस निघाला. अन् कोणता? हाच. सॅलिटी!"

पोरगा हातातल्या पेनड्राइव्हकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. "हे कोणत्या सालचं आहे, काय माहीत," पुटपुटतो आणि तो परत खिशात टाकतो.

मला मॅकॅफीची गोष्ट आठवते. २१ एप्रिल २०१०, बुधवार. अँटिव्हायरसचं रोजचं अपडेट आलं आणि त्याने एक्सपीतली 'एसव्हीसीहोस्ट' ही अगदी गाभ्यातली, निरोगी फाइल व्हायरस ठरवून टाकली. जगभरातले संगणक बंद-चालू, बंद-चालू करत राहिले. त्याआधी नोव्हेंबर २००८मध्ये एव्हीजीने एक्सपीचीच 'यूझर थर्टीटू' फाइल अशीच काढायला घेतली होती. हे नावाजलेल्या कंपन्यांच्या रोजच्या, सौम्य म्हणवणाऱ्या औषधांचं. मग मुळात दांडगाईसाठीच बनवलेल्या टूलने काय करावं!

उलट गोष्टही आहे, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. फेब्रुवारी २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचं एक अपडेट दिलं आणि काही मशीन निळा पडदा दाखवून पडली. अपडेटमध्ये चूक नव्हती. त्या मशीनांत आधीपासून एक रूटकिट लपून बसलेलं होतं. विंडोजचा गाभा जरा हलला आणि त्याचा पाय चुकला. म्हणजे हाताच्या जोरावर सगळं ठरत नाही. आत कोण, कुठे, कशाला धरून बसलंय, हे कळल्याशिवाय नुसता चांगला हेतूसुद्धा मशीन पाडू शकतो.

दुकानदार काकूंसमोर स्टूल ओढून बसतो. हातात जुन्या बिलाचा पाठकोरा कागद.

"काकू, व्हायरसचं मी पाहतो. तुम्ही मला सांगा, याच्यातलं काय गेलं तर चालेल?"

प्रश्न उलटा आहे. काकूंना तो पटकन उमगत नाही. त्या काय राहिलं पाहिजे ते सांगायला लागतात. तो पुन्हा विचारतो: काय गेलं तर चालेल?

"नातवाचे गेम गेले तर चालेल. बरंच होईल. गाणी गेली तरी चालेल. फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये आहेत."

"पुस्तिकेच्या फायली?"

"त्या कशा चालतील!"

"जुन्या पत्रिका?"

"त्या जाऊ दे. पण गणपती नको जायला." मग खुलासा होतो: कोरल ड्रॉमधले गणपती. पत्रिकेच्या डोक्यावर टाकायचे, वर्षानुवर्षं जमवलेले, काही स्वतः ट्रेस केलेले. त्याच फोल्डरात बुद्ध आहेत, कलश आहेत, सनई-चौघडे आहेत, वधूवरांचे गुंफलेले हात आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, तो मागच्या वर्षीचा द्या, सोंड उजवीकडची. तो कुठे आहे ते फक्त काकूंना ठाऊक.

"बॅकअप?"

काकू पर्समधून पेनड्राइव्ह काढतात. तोच. बाणवाला. दुकानदार तो हातात न घेता पोराला खूण करतो. पोरगा तो लिनक्सच्या जुन्या मशीनला लावतो, तिथे विंडोजच्या .ईएक्सईचं काही चालत नाही, म्हणून या दुकानात संशयित माल आधी तिथे तपासतात. बाण दिसतात, पण त्यांच्यामागे लपवून ठेवलेले खरे फोल्डरही दिसतात. काकूंचा जीव थोडा खाली येतो. पण त्यातली शेवटची तारीख गणपतीच्याही आधीची. पुस्तिका त्यानंतरच्या.

"बरं, सॉफ्टवेअर. श्रीलिपीची सीडी आहे?"

"आहे नं! डब्यासकट आहे. अन् हे." काकू पर्सच्या आतल्या कप्प्यातून, सुट्या पैशांच्या बटव्यातून, एक छोटीशी वस्तू काढतात. रबरबँड गुंडाळलेला डोंगल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी अशा कुलपासोबत यायची. कुलूप लावलेलं नसलं की सॉफ्टवेअर मराठी टाइप करू देत नाही. काकूंनी तो घरातल्या दागिन्याइतक्याच बंदोबस्तात ठेवलेला दिसतो.

"अन् पेजमेकर?"

काकू समोरच्या रस्त्याकडे बघतात. "ते एका मुलानं टाकून दिलं होतं."

दुकानदार कागदावर काहीतरी लिहितो आणि पुढे विचारत नाही. पोरगा हसू दाबतो. पेजमेकर ७ ही २००१ सालची शेवटची आवृत्ती. ॲडोबीने ते केव्हाच सोडून दिलं, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी कंपोझिटरांनी सोडलेलं नाही. हात बसलाय, फॉन्ट बसलेत, आणि वीस वर्षांच्या फायली त्यातच आहेत. या फायली युनिकोडमधल्या नाहीत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या, की 'धम्मचक्र' जाऊन तिथे इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविराम यांचा काला दिसतो. म्हणजे फॉर्मॅट मारलं तर फायली वाचतील, श्रीलिपी सीडीवरून परत येईल, पण त्या फायली उघडणारं दार जाईल. आणि विंडोज १० टाकून दिलं, तर जुन्या सॉफ्टवेअरचे नखरे वेगळेच. हातात आठ दिवस.

मला आता त्या पाठकोऱ्या कागदाचा अर्थ लागतो. व्हायरस किती भारी आहे, यावर इथे काहीच ठरत नाहीये. मुलाने टाकून दिलेल्या, सीडी नसलेल्या त्या एका प्रोग्रामवर सगळं ठरतंय.

"ऐका काकू. तीन रस्ते आहेत. एक, फॉर्मॅट. एका घंट्यात घरी. पण पेजमेकर गेला समजा. दोन, हा पोरगा म्हणतो तसं जोरदार औषध, याच डिस्कवर. कदाचित संध्याकाळी तुम्ही खूश, कदाचित उद्या मशीन उठणारच नाही. तीन, आधी डिस्कची पूर्ण नक्कल काढतो. जे काय करायचं ते नकलेवर. मूळ डिस्क तुमच्या कपाटात. पण याला दिवस जाईल अन् पैसे जास्त लागतील. तुम्ही सांगा."

"तुम्हाला काय वाटते?"

"मला वाटून काय होते? डिस्क तुमची आहे."

काकू प्रुफांची पिशवी मांडीवर घेऊन बसतात. शेवटी म्हणतात, "तिसरं करा."

हार्ड डिस्क बाहेर येते. पाचशे जीबीची, अंगावर धुळीची साय. दुकानदार आधी तिची तब्येत बघतो: खराब होऊन बदललेले सेक्टर थोडे आहेत, वाढत चाललेले नाहीत. हे बघणं नुसता सोपस्कार नव्हे. पूर्ण स्कॅन म्हणजे डिस्कवरची प्रत्येक फाइल वाचणं. मरायला टेकलेल्या डिस्ककडून ती मजुरी करून घेतली, तर व्हायरस जायच्या आधी डिस्कच जाते.

आता दोन डिस्क शेजारी शेजारी. एक काकूंची, एक दुकानातली, जुनी पण रिकामी. नक्कल काढणारी आज्ञा लिहिताना कोणती डिस्क कुठून आणि कुठे, एवढं एक उलटं झालं की रिकामी डिस्क भरलेलीवर चढते आणि वीस वर्षांचे गणपती पुसले जातात. दुकानदार टाइप करतो, पण एंटर दाबत नाही.

"वाच," तो पोराला म्हणतो.

पोरगा काकूंच्या डिस्कवरच्या चिठ्ठीवरून सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचतो. दुकानदार पडद्यावर बोट ठेवून जुळवतो. "ही कुठून. आता दुसरी वाच." दुसरे चार वाचले जातात. "ही कुठे. परत वाच." परत वाचलं जातं. मग एंटर. पडद्याच्या कडेला वेळ उमटते: पावणेदोन तास.

काकू घरी फोन लावून श्रीलिपीची सीडी मागवतात. कुठे आहे ते सांगायला पाच मिनिटं लागतात.

या पावणेदोन तासांत दुकान चालूच असतं. कोणी चार्जर घेऊन जातं, कोणी प्रिंटरची शाई. एक इंजिनिअरिंगचा मुलगा येतो. त्याच्या लॅपटॉपवरच्या प्रत्येक फाइलच्या शेपटाला चार अनोळखी अक्षरं लागलेली आहेत. रॅन्समवेअर. महागडं सॉफ्टवेअर फुकटात चालवायचा क्रॅक उतरवला, त्यातून आलेलं. खंडणीची चिठ्ठी होती, म्हणतो तो: ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर ४९०.

"होती म्हणजे?"

"मी तीन-चार क्लीनर फिरवले नं. सगळं डिलीट करून टाकलं. चिठ्ठी पण."

दुकानदार कपाळाला हात लावतो. घाईने साफसफाई करण्याचा हा दुसरा तोटा. चोराने टाकलेली चिठ्ठीच इथे कामाची असते. कुठल्या किल्लीने फायली बंद केल्या त्याचा माग तिच्यात असतो. नशिबाने या जातीचं, म्हणजे स्टॉप-डीजेव्हीयूचं, एक बरं आहे: चिठ्ठीतल्या ओळखक्रमांकाची प्रत ते सी ड्राइव्हवर 'सिस्टिम आयडी' फोल्डरात ठेवतं. क्लीनरांना ती दिसलेली नाही. दुकानदार फाइल उघडतो आणि लांबलचक अक्षरांच्या रांगेतली फक्त शेवटची दोन बघतो. तिथे 'टी १' असतं, तर हल्ल्याच्या वेळी मशीन हल्लेखोरांच्या सर्व्हरपर्यंत पोचलंच नव्हतं आणि सगळ्यांना वापरली जाणारी किल्ली लागली, असा अर्थ निघाला असता. अशा फायली सुटायची आशा असते; एमसिसॉफ्टने मायकल गिलेस्पीसोबत २०१९मध्ये त्यासाठीचं मोफत टूल काढलं. इथे 'टी १' नाही.

"पैसे भरायचे नाहीत," तो मुलाला सांगतो. "बंद फायली एका डिस्कवर काढून ठेव, फेकू नको. व्हिडिओ आहेत का काही?"

"प्रोजेक्टचा डेमो आहे. मोठा आहे."

"हा फाइलीचा पहिला दीडशे केबीचाच तुकडा बिघडवते. पीडीएफ गेली तुझी, पण व्हिडिओ बहुतेक निघून जाईल. उद्या ये."

मुलगा जातो. पोरगा हळूच म्हणतो, "म्हणजे जास्त साफ केलं तं नुकसान." दुकानदार त्याच्याकडे बघतो पण उत्तर देत नाही, आपलं उत्तर पोरानेच दिलं याचा आनंद त्याला लपवता येत नाही.

नक्कल पूर्ण होते. मूळ डिस्क चंदेरी पिशवीत जाते, वर मार्करने: 'मूळ. लावू नये.' पिशवी काकूंच्या हातात. मग नकलेची डिस्क सीपीयूमध्ये, आणि मशीन तिच्यावरून न उठवता दुकानदाराने सकाळीच ताज्या केलेल्या कॅस्परस्कीच्या रेस्क्यू डिस्कवरून उठवलं जातं. विंडोज झोपलेलं, व्हायरसही झोपलेला. बाहेरून येऊन तपासायचं. दुकानदार एक खूण मुद्दाम बदलतो. सापडलं की काढून टाक, याऐवजी: सापडलं की दुरुस्त कर, नाही जमलं तर विचार.

आकडे चढायला लागतात. सॅलिटी, सॅलिटी, सॅलिटी. शेकड्यांनी. काकू पडद्याकडे बघत नाहीत; त्या प्रुफं काढून दुरुस्त्या पुन्हा वाचत बसतात. दुकानदार चहा मागवतो आणि मला क्विक हीलच्या कैलास काटकरांबद्दल सांगतो. रहिमतपूरचा माणूस, पुण्यात कॅल्क्युलेटर अन् रेडिओ दुरुस्त करायचा. धाकटा भाऊ संजय संगणक शिकला, दुरुस्तीला आलेल्या मशीनांत व्हायरस सापडायचे म्हणून त्यावर प्रोग्राम लिहू लागला, आणि २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. "रिपेअरवालाच तो पण," दुकानदार म्हणतो, आणि त्या 'पण'वर त्याचा सगळा भर असतो.

साडेचारच्या सुमारास स्कॅन संपतो. बहुतेक फायली दुरुस्त. नऊ दुरुस्त होत नाहीत. दुकानदार एकेक नाव वाचतो, काकू उत्तर देतात. गेमचं सेटअप: जाऊ द्या. दुसरा गेम: जाऊ द्या. एका नावावर पोरगा फिस्सकन हसतो. ते 'एका मुलानं' टाकून दिलेल्या सॉफ्टवेअरचा नंबर तयार करणारं चोरटं टूल आहे. "त्याची गरज नाही आता," दुकानदार निर्विकारपणे म्हणतो आणि ते उडवतो. श्रीलिपीची एक फाइल: सीडी आली आहे, जाऊ द्या. पेजमेकर त्या नवांत नाही.

तरी खरी परीक्षा पुढे आहे. दुरुस्त झालेली फाइल अक्षराअक्षराने पूर्वीसारखी असतेच असं नाही. काही प्रोग्राम स्वतःला तपासून बघतात आणि फरक दिसला की उठायचं नाकारतात. सेफ मोडच्या नोंदी परत भरल्या जातात. टास्क मॅनेजर उघडतो. मग पेजमेकर. दोनदा क्लिक, वाळूचं घड्याळ मिटवून आलेलं ते निळं चक्र फिरतं, थांबतं. काही नाही. पोरगा तोंड उघडतो, दुकानदार हात वर करून त्याला थांबवतो. मग खिडकी उघडते.

काकू स्वतः खुर्चीत येऊन बसतात. कोणी सांगितलेलं नाही. फाइल उघडतात, मराठी जागच्या जागी आहे. श्रीलिपी सीडीवरून पुन्हा चढते, बटव्यातला डोंगल मागे लागतो, आणि त्या पहिली दुरुस्ती तिथेच, दुकानात, उभ्या गिऱ्हाइकांसमोर लावून टाकतात. 'प्रतीत्यसमुत्पाद'. लाल गोलावर पेन्सिलीने टिक.

"दसऱ्यापर्यंत नेट लावायचं नाही," दुकानदार बजावतो. "विंडोज सेव्हनला जानेवारी २०२०पासून कोणी वाली नाही. दसरा झाला की या, नवीन मशीन करू, अन् युनिकोडचं काहीतरी पाहू."

"दरवर्षी म्हणता तुम्ही."

"दरवर्षी तुम्ही येता नं." तो पेनड्राइव्हची आपोआप उघडण्याची सोय बंद करतो, आणि सी-डॅकचं 'यूएसबी प्रतिरोध' टाकतो. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून २०१७पासून ते फुकट मिळतं. नोंदवलेल्या पेनड्राइव्हखेरीज दुसरा लावला की मशीन दाद देत नाही.

"किती झाले?"

"अडीच हजार. डिस्क धरून."

"अडीच!" काकूंचा आवाज सकाळपासून पहिल्यांदा चढतो. "चौकात चारशे रुपयांत फॉर्मॅट करून देतात!"

"देतात नं. अर्ध्या घंट्यात." दुकानदार शांत. "मीपण देतो. दिवसाला आठ करतो. आज एकच केला."

यावर काकूंकडे उत्तर नाही, पण दोनशे रुपये कमी करून घेतल्याशिवाय त्या उठणार नाहीत, हेही दोघांना माहीत आहे. तेवीसशे ठरतात. सोलापुरी चादर पुन्हा गुंडाळली जाते, चंदेरी पिशवी प्रुफांच्या मध्ये ठेवली जाते. पोरगा ऑटो बघायला बाहेर पळतो.

"अन् हा पेनड्राइव्ह?" काकू दारातून विचारतात. "प्रेसवाल्याचा आहे. त्याला परत द्यायचा आहे आज."

"आज नाही. इथंच राहू द्या. अन् प्रेसवाल्याला सांगा, पेनड्राइव्ह न्यायला या म्हणावं. येताना सीपीयू घेऊन या."